तापीच्या उतारावर

२००६ च्या फेब्रुवारीत नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये कोंबड्या हजारोंनी मरू लागल्या. सुरुवातीला रानीखेत असावा असाच बहुतेकांचा अंदाज होता, कारण तो रोग इथल्या पोल्ट्रीवाल्यांच्या ओळखीचा. नमुने भोपाळच्या उच्चसुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला उत्तर आलं: एच५एन१. भारतात बर्ड फ्लूची पहिली अधिकृत नोंद झाली ती या गावात. तोवर नंदुरबार जिल्हा कुठे आहे हे नकाशात शोधावं लागणाऱ्या मंडळींनाही त्या आठवड्यात नवापूरचं नाव पाठ झालं.

पुढे जे झालं ते सरकारी यंत्रणेच्या वेगाचं उदाहरण म्हणून लक्षात ठेवण्यासारखं आहे. बाधित पोल्ट्रींभोवती तीन किलोमीटरचं वर्तुळ आखलं गेलं. पांढरे अंगरखे, मुखपट्ट्या आणि चष्मे घातलेली पथकं उतरली, खड्डे खणले, चुना ओतला, अडीच लाखांच्या आसपास पक्षी मारून पुरले. सीमेपलीकडे, तेव्हा सुरत जिल्ह्यात असलेल्या उच्छलमध्येही विषाणू सापडला, तेव्हा गुजरातचं पशुसंवर्धन खातं तितक्याच तातडीने कामाला लागलं. आरोग्य पथकं घरोघर जाऊन कुणाला ताप आहे का, खोकला आहे का, असं विचारत फिरली. संशयितांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत गेले. त्या साथीत भारतात एकाही माणसाला लागण झाल्याचं आढळलं नाही. मारलेल्या पक्ष्यांची मोजणी होऊन मालकांना नुकसानभरपाई मिळाली. ती पुरेशी होती की नव्हती यावर पोल्ट्रीवाल्यांची तक्रार वेगळी. पण पक्षी मोजला गेला, त्याला दर लागला आणि धनादेश निघाला. २०२१ च्या फेब्रुवारीत रोग पुन्हा आला, पुन्हा लाखो पक्षी गेले, तेव्हाही हीच पद्धत वापरली गेली.

यात चूक काही नव्हतं. जगभर माणसांत पसरू शकेल अशा विषाणूला तीन किलोमीटरमध्ये अडवणं हे शहाणपणाचंच काम. मला यातून दिसतं ते एवढंच, की नवापूर तालुक्यातल्या पाड्यापाड्यांत, दारादारांत जाणं यंत्रणेला अशक्य नाही. आठवड्याभरात ती तिथे पोहोचली. ज्या दारांत ती तापाची चौकशी करून परतली, त्यांच्या आत तेव्हा आणखीही काही आजार होते: रक्तक्षय, सिकलसेल, वाढ खुंटलेली मुलं. त्यांना मुदत नव्हती. ते शेजारच्या राज्यात उडत जाणार नव्हते, विमानतळांवर कुणाला घाबरवणार नव्हते.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या जवळ होती आणि त्यात दर दहांपैकी सात जण आदिवासी: भिल्ल, पावरा, कोकणी, आणि नवापूरकडे प्रामुख्याने गावीत आणि मावची. साक्षरता ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी. राज्याच्या मानव विकास अहवालात जिल्ह्याचा निर्देशांक ०.६०४ होता, तोही तळाचा. वरच्या टोकाला मुंबई होती, ०.८४१. नीती आयोगाने २०२१ मध्ये बहुआयामी गरिबीचा अहवाल काढला, तेव्हा राज्यात साधारण १५ टक्के लोक गरीब ठरले आणि नंदुरबारात निम्म्याहून जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. राज्याचं प्रमाण ३६ टक्के. आणि याच जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्याच्या पोल्ट्रींतून रोज ट्रक भरून अंडी बाहेर जातात. सुरतेत रात्रीच्या गाड्यांवर अंड्याच्या पदार्थांचा जो थाट असतो, तो पाहिलेल्याला या आकड्यांची चव जरा वेगळी लागेल. अंगणवाडीत अंडं यायला २०१५ साल उजाडावं लागलं. अब्दुल कलामांच्या नावाची अमृत आहार योजना आदिवासी भागात त्या वर्षी सुरू झाली, आधी गरोदर आणि स्तनदा मातांच्या जेवणासाठी, मग मुलांसाठी.

ही सगळी सरासरी आहे, आणि सरासरीचा एक दोष असा की ती जिल्ह्याला बंद पेटीसारखं वागवते. जणू नंदुरबारची गरिबी नंदुरबारातच तयार होते आणि तिथेच राहते. प्रत्यक्षात नवापूरची गोष्ट नवापूरच्या हद्दीत मावत नाही. ती समजण्यासाठी पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने पाहावं लागतं.

समुद्र इथून सरळ रेषेत एकशे दहा-पंधरा किलोमीटरवर असेल. इंग्लंडमध्ये २०२१ साली तिथले मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी यांनी किनाऱ्यावरच्या वस्त्यांच्या आरोग्यावर एक मोठा अहवाल लिहिला. तिकडे चित्र असं की सहलीच्या दिवसांत गजबजणारी जुनी समुद्रकाठची गावं आज देशातल्या सर्वांत आजारी गावांपैकी आहेत. ब्लॅकपूलमध्ये पुरुषांचं आयुर्मान इंग्लंडात सर्वांत कमी. तरुण आतल्या शहरांकडे गेले, मागे म्हातारे, हंगामी कामं आणि स्वस्त भाड्याच्या खोल्या उरल्या. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतार उलटा आहे. पैसा समुद्राकडे साचतो आणि आजार डोंगराकडे. पालघर जिल्ह्यात हे एकाच हद्दीत दिसतं: किनाऱ्यावर तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते, आणि पूर्वेला काही तासांच्या अंतरावर जव्हार-मोखाड्यात १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्याला हादरवलं होतं. नवापूरच्या बाबतीत किनारा दुसऱ्या राज्यात आहे, म्हणून तो आपल्या हिशेबात धरला जात नाही इतकंच.

नवापूरमधून वाहणारी रंगावली तापीला मिळते. तापीवर उकाईचं धरण १९७२ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या फुगवट्याखाली गुजरातेतली गावं गेली, तशी नवापूर आणि नंदुरबार तालुक्यांच्या काठावरचीही गेली. उकाई धरणग्रस्त ही ओळख इथे तिसऱ्या पिढीपर्यंत टिकली आहे. धरणाचं पाणी आणि त्याआधी १९५० च्या दशकात बांधलेल्या काकरापारच्या बंधाऱ्याचं पाणी कालव्यांनी दक्षिण गुजरातच्या किनारी मैदानात गेलं. तिथल्या काळ्या जमिनीत ऊस उभा राहिला. बारडोलीची, सरदार पटेलांच्या १९२८ च्या सत्याग्रहाची भूमी सहकारी साखरेची भूमी झाली. बारडोलीचा कारखाना १९५५ चा. ऊस आला, कारखाने आले. तोडणारे हात कुठून आले? धुळे-नंदुरबार, साक्री-नवापूर, डांग. म्हणजे वरच्या अंगाला ज्यांची जमीन पाण्याखाली गेली किंवा पाण्यावाचून कोरडवाहू राहिली, त्यांच्याच शेजारपाजारचे लोक त्या पाण्यावर पिकलेला ऊस तोडायला दरवर्षी खाली जातात. नवापूर तालुक्यात डोकारे इथे आदिवासी सहकारी साखर कारखाना आहे, हे खरं. पण तालुक्याच्या सगळ्या हातांना काम देण्याइतका हंगाम तिथे नाही.

डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातेत काम केलं आणि या ऊसतोड टोळ्यांबद्दल सविस्तर लिहिलं. त्यांचा एक मुद्दा साधा आणि बोचरा होता: बारडोलीच्या शेतांत स्थानिक हळपती मजूर असताना कारखाने लांबून माणसं का आणतात? लांबून आलेला माणूस रात्री घरी जात नाही, रस्त्याच्या कडेच्या पडावात राहतो, कारखान्याच्या वेळेला केव्हाही उठतो, आणि भांडण झालं तरी हंगाम संपेपर्यंत त्याला जायला जागा नसते. त्याला उचल दिलेली असते. पावसाळ्यात घरातलं धान्य संपत आलं की मुकादम पैसे देतो, दिवाळीनंतर ट्रक येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरगं हाताशी असेल तर तेही मोळ्या ओढतं. पंधरवड्याला खावटी म्हणून धान्य आणि थोडे पैसे मिळतात, बाकीचा हिशेब शेवटी. उचल अनेकदा दीडपटीने वळती होते. होळीच्या सुमारास काही जण सुटतात, बाकीचे एप्रिलमध्ये. हातात काय उरलं ते दरवेळी सांगण्यासारखं नसतं.

आता या हंगामात एक आजार ठेवून पाहू.

सिकलसेलची पहिली वैद्यकीय नोंद १९१० ची, शिकागोमधल्या जेम्स हेरिक यांची. त्यांचा रुग्ण दंतवैद्यकाचा विद्यार्थी होता, कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून आलेला. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बिघाड हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. बीटा साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं, एवढाच फरक. पण प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन आतल्या आत एकमेकांना चिकटून दांडे तयार करतं, गोल लवचीक पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. जिथे अडकते तिथे वेदना. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून रक्त कायम कमी.

भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळला. नंतर मध्य आणि पश्चिम भारताच्या डोंगरपट्ट्यात तो सर्वत्र दिसू लागला. त्याचं कारण जंगलातला मलेरिया. आईवडिलांपैकी एकाकडूनच बिघडलेला जनुक आला तर माणूस फक्त वाहक असतो. त्याला सहसा त्रास होत नाही, आणि लहानपणीच्या जीवघेण्या मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत हे दाखवलं. हजारो पावसाळे ज्या रानात मुलं तापाने जात होती, तिथे वाहक टिकले. दोन्ही पालक वाहक असतील, तर मात्र प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता मूल रुग्ण असण्याची. हे नीट समजून घेतलं की ‘जमातीचा आजार’ या बोलण्यातली तुच्छता गळून पडते. भारतातल्या रुग्णांत बहुधा आढळणारा प्रकार आफ्रिकेतल्या प्रकारापेक्षा काहीसा सौम्य असतो, कारण अनेकांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं. या सौम्यपणाचा फायदा रुग्णाला जितका झाला, त्याहून जास्त तो दुर्लक्ष करणाऱ्यांना झाला.

दुखण्याचा झटका कशाने येतो, याची यादी कोणत्याही आशाताईला तोंडपाठ असते. शरीरातलं पाणी कमी होणं, थंडी, अतिश्रम, ताप किंवा जंतुसंसर्ग, अपुरी झोप. ही यादी ऊसतोडीच्या वर्णनासारखी वाचता येते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या गारठ्यात, दवाने भिजलेल्या पाचटात काम सुरू होतं. दुपारी उन्हात घाम निथळतो, पिण्याचं पाणी फडापासून लांब, आणि बायका तर दिवसभर आडोसा नसल्यामुळे मुद्दाम कमी पितात. रात्री उशिरा ट्रक लागला तर भरणी. रात्र काढायची ती पाचट आणि प्लास्टिकच्या कागदाच्या झोपडीत. सांधे, छाती, पाठ दुखतेय असं सांगणाऱ्याला बाहेरून सूज नाही, जखम नाही. मुकादमाला तो कामचुकार वाटतो. एक खाडा पडला की कोयता अर्धा होतो, कारण तोडणारा आणि मोळी बांधणारी एकमेकांवर अवलंबून असतात. मग गावातल्या खासगी डॉक्टरकडे एक सुई, एक सलाईन, आणि तो खर्च उचलीत जमा. आजार कर्ज वाढवतो आणि कर्ज पुढच्या वर्षी पुन्हा त्याच फडात आणतं.

गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचं बीडचं प्रकरण या साखळीचंच दुसरं टोक. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तिथल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. खाड्याची किंमत शरीराने भरण्याचा तो प्रकार होता.

सिकलसेलवर उपाय नाहीत असं नाही. हायड्रॉक्सियुरिया नावाचं जुनं, स्वस्त औषध आहे. ते नियमित घेतलं तर झटके कमी होतात, रक्त चढवण्याची वेळ कमी येते. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, लहान मुलांना लसी आणि प्रतिजैविकं, भरपूर पाणी. यातला प्रत्येक उपाय ‘नियमित’ या एका अटीवर चालतो. गोळ्या सुरू असताना मधूनमधून रक्त तपासावं लागतं, मात्रा वाढवावी-कमी करावी लागते. आणि नियमितपणा हा पत्त्यावर राहणाऱ्या माणसाचा गुण आहे. आरोग्यसेविकेच्या वहीत पाडा असतो, घर क्रमांक असतो. नोव्हेंबर ते एप्रिल त्या घराला कुलूप. पडावात माणूस असतो, पण त्याचं नाव तिथल्या वहीत नसतं.

गंमत अशी, की सिकलसेलवर देशातलं एक उत्तम काम याच उताराच्या खालच्या टोकाला झालं. वलसाडच्या रक्तदान केंद्राचे यझदी इटालिया यांनी दक्षिण गुजरातच्या आदिवासींमध्ये तपासणीचं काम उभं केलं, आणि २००६ मध्ये, नवापुरात पक्षी पुरले जात होते त्याच वर्षी, गुजरात सरकारने सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. इटालिया यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. महाराष्ट्राचा कार्यक्रमही त्यानंतर थोड्याच वर्षांत आला. नवापूरच्या रेल्वे स्थानकाची इमारत दोन राज्यांत आहे, तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरची खोली गुजरातेत. फलाटावर घोषणा चार भाषांत होतात आणि गाड्या वेळेवर सुटतात. दोन सरकारांमध्ये एक गोष्ट चालवता येते, याचा हा १९६० पासूनचा पुरावा. तिथून ट्रकने पुढे गेलेल्या मजुराच्या रक्ताचा अहवाल मात्र फलाटापर्यंतच त्याच्यासोबत असतो.

ज्युलियन ट्यूडर हार्ट हे वेल्समधल्या एका खाण-गावचे डॉक्टर. १९७१ मध्ये त्यांनी मांडलं की चांगली वैद्यकीय सेवा जिथे गरज कमी तिथे जास्त मिळते, आणि बाजाराच्या हाती ती जितकी सोपवाल तितका हा व्यस्तपणा वाढतो. सुरतेने याची दोन्ही रूपं पाहिली आहेत. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये तिथे फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, तेव्हा लाखो लोक शहर सोडून पळाले. तापी खोऱ्यातून भुसावळकडे येणाऱ्या गाड्या नवापुरावरूनच धावत होत्या. पुढल्या वर्षी आयुक्त एस. आर. राव यांनी शहर असं काही झाडून काढलं की सुरतेचं नाव स्वच्छ शहरांत घेतलं जाऊ लागलं. घाबरलेलं श्रीमंत शहर वर्षभरात बदलू शकतं. तेच पैसे आणि तोच निश्चय पडावांपर्यंत पोहोचला नाही, कारण पडाव एप्रिलमध्ये उठून जातात.

उतार उलटा वाहिल्याचंही एक उदाहरण नोंदवायला हवं, नाहीतर चित्र खोटं होईल. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, मोठमोठी शहरं प्राणवायूसाठी धावत होती. नंदुरबारात जिल्हाधिकारी राजेंद्र भारूड यांनी आधीच्या सप्टेंबरपासून प्राणवायू प्रकल्प उभे करायला घेतले होते. ते स्वतः डॉक्टर, साक्री तालुक्यातल्या सामोडे गावच्या भिल्ल कुटुंबातले. नंदुरबार स्टेशनात रेल्वेने विलगीकरणाचे डबे लावले. शेजारच्या गुजरात आणि मध्य प्रदेशातून रुग्ण या ‘मागास’ जिल्ह्यात आले. यात चमत्कार नव्हता. पहिली लाट ओसरल्यावर बाकीचे निवांत असताना एका माणसाने पुढचा हिशेब केला आणि जिल्ह्याचा निधी त्याकडे वळवला. अर्थात एका कर्तबगार अधिकाऱ्याच्या बदलीनंतर काय उरतं, हा प्रश्न राहतोच. एकट्या अधिकाऱ्यावर आरोग्यव्यवस्था चालत नाही.

देशाचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं. चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट. तपासणीचा भर लग्नाआधी वाहक ओळखण्यावर आहे. त्याबद्दल माझ्या मनात एक शंका आहे: दोन्ही बाजूंची तपासणी होते तेव्हा दोष मात्र मुलीच्याच पदरात टाकला जातो, आणि ‘निर्मूलन’ हा शब्द ऐकताना आज जिवंत असलेला रुग्ण मागे पडतो. त्याला हवी असते पुढच्या महिन्याची गोळी.

ती मिळायला नवं विज्ञान लागत नाही. रेशनकार्ड आता देशभर चालतं. नवापूरचं कार्ड दाखवून बारडोलीत धान्य उचलता येतं, निदान कागदावर. आयुष्मान योजनेत परराज्यात दाखल झालेल्याचा खर्चही भागतो, पण ती योजना दाखल झाल्यावरची. रोजच्या गोळीला तिच्यात जागा नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात कंत्राटदाराने मजुरांना मोफत वैद्यकीय सोय द्यावी असं लिहिलं होतं, आणि पुढे तो कायदा २०२० च्या नव्या संहितेत सामावला गेला. पण मुकादम स्वतःला कंत्राटदार म्हणवत नाही आणि कारखाना मजुरांना आपले कामगार म्हणत नाही, त्यामुळे ती सोय कुणाच्याच अंगाला लागत नाही.

कारखान्याकडे मात्र प्रत्येक टोळीची नोंद असते. कुठल्या गावची, किती कोयते, कुठल्या पडावात, किती टन. साखरेचा हिशेब त्याशिवाय लागत नाही. दिवाळीआधी ट्रक निघतात तेव्हा नवापूरच्या आशाताईलाही ठाऊक असतं कोण कुठे चाललंय. या दोन याद्या एकमेकींना दाखवल्या, रुग्णाच्या हाती एका महिन्याऐवजी हंगामभराच्या गोळ्या दिल्या आणि मधली रक्ततपासणी पडावाजवळच्या आरोग्य केंद्राने केली, तर बरंच भागेल. अडतं ते खर्च कुणाच्या खात्यात घालायचा इथे: ज्या राज्याचा मजूर, त्याच्या, की ज्या राज्याचा ऊस, त्याच्या? २०२३ पासून २०४७ पर्यंत गळिताचे चोवीस हंगाम येतात. त्यातले पहिले काही हा प्रश्न न सुटताच होऊनही गेले.